टाचेची तक्रार

ज्याने विशी-पंचविशीत धावण्यास आरंभ केला आणि साठी उलटल्यावरही तो नेम सोडला नाही, अशा मनुष्याच्या देहात दुखणी कूळकायद्याचे संरक्षण लाभलेल्या कुळांप्रमाणे ठाण मांडून बसतात. त्यांना हुसकावता येत नाही हे एकदा उमगले म्हणजे कोणाला किती मोकळीक द्यायची याचा करारनामाच करावा लागतो.

गुडघा, पोटरी, तळपाय अशी ही फेरी चालूच असते; पण तिच्यातली सर्वांत चिवट तक्रार टाचेमागच्या कंडरेची. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाशी बांधणारी ही जाड शीर शरीरातील सर्वांत बळकट कंडरा खरी, परंतु स्नायूंच्या मानाने तिला होणारा रक्ताचा पुरवठा तुटपुंजा असल्यामुळे, स्नायूची इजा ज्या मुदतीत भरून येते त्या मुदतीत हिची दुरुस्ती जेमतेम सुरू झालेली असते. सकाळी अंथरुणातून उतरताना पहिली चार पावले लंगडत पडतात, चालता चालता ताठरपणा ओसरतो, आणि बरे वाटले म्हणून मनुष्य दहा किलोमीटर पळून येतो. त्याचा निकाल दुसऱ्या दिवशी पहाटे लागतो.

या दुखण्यावर पूर्वी एकच फर्मान निघे, ते विश्रांतीचे. विश्रांतीने वेदना शमते यात वाद नाही. पण भार न पडलेली कंडरा अधिकच दुबळी होत जाते आणि पुन्हा धावू लागताच तीच जागा तीच तक्रार दाखल करते. स्वीडनमधील अस्थिशल्यचिकित्सक हाकन अल्फ्रेडसन यांची हकिकत या संदर्भात मोठी गमतीची आहे. स्वतःची टाच दुखू लागली तेव्हा त्यांनी शस्त्रक्रियेची मागणी केली, आणि इतकी रजा देणे परवडणार नाही म्हणून वरिष्ठांनी ती नामंजूर केली. कंडरा तुटलीच तर शस्त्रक्रिया कोणाला टाळता येणार नाही, अशा हिशेबाने त्यांनी दुखऱ्या टाचेवर मुद्दाम भरमसाट भार टाकण्यास सुरुवात केली. आणि ती तुटण्याऐवजी चक्क बरी झाली! पुढे १९९८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच व्यायाम १२ आठवडे करणारे १५ही हौशी धावपटू पुन्हा धावू लागले.

त्याची कृती घरच्या जिन्यावर करता येते. कठडा धरून पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहावे, दोन्ही पायांच्या टाचा उचलाव्या, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन ती टाच पायरीच्या पातळीखाली जाईपर्यंत सावकाश उतरवावी, आणि वर येताना दुसऱ्या पायाची मदत घ्यावी. गुडघा ताठ ठेवून पंधरा-पंधराचे तीन फेरे, गुडघा किंचित वाकवून तितकेच, आणि हे सर्व दिवसातून दोनदा, म्हणजे रोज १८० वेळा. थोडे दुखले तर दुखू द्यावे आणि दुखेनासे झाले की पाठीवरच्या पिशवीत वजन भरावे, असा मूळ पाठ आहे; नंतरच्या संशोधकांनी १८० चा आकडा सक्तीचा मानला नाही, याबद्दल संसारी माणसाने त्यांचे आभारच मानावेत. दुखणे अगदी हाडाला लागून असेल तर मात्र टाच पायरीखाली नेऊ नये.

दुखण्याला मुळीच न जुमानणारेही असतात: १९७० सालची बोस्टन मॅरेथॉन जिंकणारे इंग्लंडचे रॉन हिल डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत, एका दिवसाचाही खाडा न करता, रोज किमान एक मैल धावले. १९९३ साली पायावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा तो मैल त्यांनी कुबड्यांवर पुरा केला. या निष्ठेपुढे मान लवते, पण तिचा दाखला घेऊन कोणी प्लॅस्टर घातलेल्या पायाने घराबाहेर पडू नये. मला कॅनडाचे एड व्हिटलॉक अधिक शहाणे वाटतात. मिल्टन गावच्या दफनभूमीत तासन्‌तास फेऱ्या मारणारे हे निवृत्त अभियंते, गुडघा कुरकुरू लागला की धावणे बेमुदत तहकूब ठेवीत आणि मग बेताबेताने वाढवीत परत येत. २००४ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांनी टोरांटोची मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत पुरी केली.

हाडाच्या बाबतीत मात्र ‘थोडे दुखले तर दुखू द्यावे’ ही तडजोड चालत नाही. नडगीवर किंवा पावलाच्या लांब हाडावर, एका बोटाने झाकता येईल एवढ्याच जागी दाबले असता कळ येत असेल, धावताना ती वाढत जात असेल आणि रात्री अंथरुणातही ठणका लागत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याचा संशय धरावा आणि त्याच दिवशी धावणे थांबवून अस्थितज्ज्ञाकडे जावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ही चीर क्ष-किरण छायाचित्रात पुष्कळदा उमटतच नाही. छायाचित्र स्वच्छ आले एवढ्यावर विसंबून बूट चढवणाऱ्याची सहा-आठ आठवड्यांची सक्तीची रजा कित्येक महिन्यांवर जाऊ शकते.