‘गेस’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ व उपयोग

महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी इयत्ता पहिलीत आली व ‘गेस’ हे क्रियापद लहान मुलांच्या कानी लवकर पडू लागले. पुरेसा आधार हाती नसताना उत्तर बांधणे, हा त्याचा मूळ अर्थ होय. मराठीत त्यास अटकळ, तर्क, कयास, अंदाज असे शब्द आहेत; खेळात मात्र मुले ‘ओळख पाहू!’ म्हणतात. घोटाळा येथेच होतो. कोडे ओळखणे व माणूस ओळखणे यांस मराठीत एकच क्रियापद चालते; इंग्रजीत पहिल्यास ‘गेस’ व दुसऱ्यास ‘रेकग्नाइझ’ म्हणतात.

या शब्दातील ‘यू’ उच्चारला जात नाही. भूतकाळी रूप ‘गेस्ड’ असे लिहिले, तरी त्याचा उच्चार पाहुणा या अर्थाच्या ‘गेस्ट’ शब्दासारखाच होतो. म्हणून श्रुतलेखनात पूर्ण वाक्य सांगावे. ‘उत्तराचा अंदाज करा’ या मराठी वळणामुळे मुले ‘ऑफ’ घालतात. शुद्ध रचना ‘गेस द आन्सर’ अशी आहे. अमेरिकन बोलीतील ‘आय गेस’ याचा अर्थ बहुधा ‘मला वाटते’ एवढाच असतो.

‘गेस’ व ‘एस्टिमेट’ यांतील भेद अहिल्यानगर जिल्ह्यातील मुलांना पैसेवारीवरून चांगला समजेल. उभ्या पिकाची पाहणी करून प्रथम नजरअंदाज पैसेवारी ठरते. पुढे पीककापणी प्रयोगांच्या आधारे अंतिम आकडा निघतो. पैसेवारी ५० पैशांच्या आत की बाहेर, यावर अवर्षणप्रवण गावांचे लक्ष लागलेले असते. शेत पाहून, मागील उत्पन्नाशी ताडून सांगितलेला आकडा हा ‘एस्टिमेट’ होय. शेतात पाऊल न टाकता सांगितलेला आकडा निव्वळ ‘गेस’ ठरतो. दोहोंस मराठीत ‘अंदाज’ म्हणता येत असल्याने भेद मुद्दाम शिकवावा लागतो.

वर्गात यासाठी चिंचोक्यांनी भरलेला डबा पुरेसा आहे. झाकण लावून संख्या विचारावी; ते ‘गेस’. मग झाकण काढून एक मूठ मोजू द्यावी व डब्यात अशा किती मुठी असतील ते विचारावे, ते ‘एस्टिमेट’. शेवटी सर्व चिंचोके मोजावे, ते ‘काउंट’. तिन्ही आकडे फळ्यावर शेजारी लिहावेत.

अंदाज चुकलेल्या मुलास हसू नये, ‘कशावरून?’ एवढेच विचारावे. हसण्याच्या भीतीने मूल एक तर गप्प बसते, नाही तर ठाऊक नसलेले ठामपणे सांगू लागते. ‘मला ठाऊक आहे’ व ‘मी अंदाज करतो’ यांतील फरक जे मूल प्रामाणिकपणे सांगते, त्यास हे क्रियापद खऱ्या अर्थाने समजले.