घरात शिरलेला चोर आणि आपला हात
घर आणि कायदा : भाग ७

मागच्या भागात कुलपे, सेफ्टी डोअर आणि खिडकीचे गज यांबद्दल लिहिले. पण कडी-कोयंडा उचकटून चोर आत आलाच, तर घरच्यांनी काय करायचे? ‘हात उचलला तर उलट आपल्यावरच केस होईल,’ असे घरोघरी ऐकू येते. ही भीती निम्मीच खरी आहे. खरी बाजू कोणती, हे मात्र घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असायला हवे.

स्वसंरक्षणाचा हक्क ही कुणाची मेहेरबानी नाही. १८६०च्या दंड संहितेत तो कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये जवळजवळ जसाच्या तसा आला आहे. हा हक्क बजावताना केलेली कृती गुन्हाच ठरत नाही. शेजारणीच्या किंकाळीवर धावून जाणाऱ्यालाही तो आहे.

मालमत्ता वाचवताना समोरच्याचा जीव गेला, तरीही कलम ४१ काही मोजक्या प्रसंगांत संरक्षण देते. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग, आणि आता आपण मरणार किंवा जबर जखमी होणार अशी रास्त भीती वाटावी अशी चोरी किंवा घुसखोरी, हे ते प्रसंग. रात्रीला वेगळे स्थान आहे ते मला योग्यच वाटते. अंधारात आत किती जण आहेत, हातात कटावणी आहे की कोयता, काहीच कळत नाही. शिवाय घरफोडी म्हणजे भिंतीला भगदाडच पाडले पाहिजे असे नाही. खिडकीतून शिरणे किंवा तुमची हरवलेली किल्ली लावून दार उघडणे, हीसुद्धा घरफोडीच. भरदुपारी उघड्या दारातून येऊन मोबाइल उचलणाऱ्याला अडवता येते, त्यासाठी लागेल तेवढे बळही वापरता येते. पण त्याचा जीव घेता येत नाही.

‘लागेल तेवढे’ ही अट रात्रीही सुटत नाही. ती कलम ३७ मध्ये आहे. मात्र जीव मुठीत धरून उभ्या असलेल्या माणसाने प्रत्येक फटका मोजूनमापून मारावा, अशी अपेक्षा न्यायालये ठेवत नाहीत. २०१०च्या दर्शनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितले. हल्ला होण्याची रास्त भीती पुरेशी आहे, आधी वार झेललाच पाहिजे असे नाही, हेही त्यात आहे.

लोक चुकतात ते पुढच्या टप्प्यावर. चोर पळू लागला, की चित्र बदलते. ऐवज घेऊन पळणाऱ्याच्या मागे धावून तो परत हिसकावून घेता येतो. पाठमोऱ्या माणसाच्या डोक्यात पहार घालता येत नाही. १९६२ मध्ये पंजाबातल्या जय देव खटल्यात, शेतावरून झालेल्या मारामारीत समोरची माणसे पळत असतानाही गोळी झाडली गेली होती. साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी त्या निकालात सांगितले, की धोका संपला की हक्कही संपतो. पकडलेल्या चोराला खांबाला बांधून गल्लीभर चोपणे हा तर सरळ गुन्हाच. त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करायचे असते. एप्रिल २०२०मध्ये पालघरच्या गडचिंचले गावात चोर आल्याच्या अफवेवरून जमावाने दोन साधूंचा आणि त्यांच्या चालकाचा जीव घेतला. ते चोर नव्हतेच. आणि असते तरी त्यांना मारण्याचा हक्क कुणालाच नव्हता.

कुंपणात वीज सोडणाऱ्यांना तर हात जोडून विनंती आहे. बिहारमधल्या एका माणसाने परके लोक आपल्या शौचालयात येऊ नयेत म्हणून वाटेत वीजप्रवाह असलेली उघडी तार बांधली. शेजारची एक बाई तिला चिकटून गेली. चेरुबिन ग्रेगरी नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. परवानगीशिवाय आत आला म्हणून माणूस कायद्याच्या संरक्षणातून बाद होत नाही, असा त्या निकालाचा अर्थ आहे. आपल्याकडे रानडुकरांसाठी शेतात सोडलेल्या तारांनीही माणसे दगावतात. तारेला चोर आणि शेजाऱ्याचे पोर यांतला फरक कळत नाही.

झटापट झालीच, तर आधी ११२ला फोन करा आणि जखमींसाठी रुग्णवाहिका मागवा. त्यात चोरही आला. फुटलेले कुलूप, पडलेली कटावणी, रक्ताचे डाग जिथल्या तिथे राहू द्या. फरशी पुसू नका. आपल्या अंगावरच्या जखमा, अगदी ओरखडेसुद्धा, सरकारी दवाखान्यात नोंदवून घ्या. स्वसंरक्षण होते हे दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर येते, पण सरकारी पक्षाइतका कडेकोट पुरावा आपल्याला द्यावा लागत नाही; आपली हकीकत संभवनीय आहे एवढे दिसले तरी पुरते. म्हणून पहिल्या जबाबात जे घडले तेच आणि तेवढेच सांगा. चोराला मारलेच नाही असे घाबरून खोटे सांगितले, तर पुढे स्वसंरक्षणाचा खरा मुद्दाही लंगडा पडतो.

(पुढील भागात : बंद घराचा चोरी विमा)