दोन सावल्या आणि एक थाळी

विज्ञानाचा विषय निघाला की आपण कला शाखेचे विद्यार्थी हळूच काढता पाय घेतो. परंतु एका मूळ ग्रंथाचे अनेक अर्थ कसे लावले जातात, हे तर आपण रोजच शिकतो. गीता एकच, पण ज्ञानेश्वरांनी लावलेला अर्थ वेगळा आणि लोकमान्यांनी गीतारहस्यात लावलेला वेगळा. आधुनिक भौतिकशास्त्रातही असेच घडले आहे. प्रयोग तोच, आकडे तेच. मात्र अर्थ लावणारे अनेक. त्यांपैकी 'हा अधिक मितींच्या विश्वाचा खेळ आहे' असे मानणाऱ्या एका अर्थाची ओळख करून देण्याचा हा अल्प प्रयत्न.

या विषयाकडे मी वळले त्याला कारण आहे. जुन्या जालन्यातील आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील मोंढ्यात हमाली करतात. मध्यंतरी गल्लीत एकजण 'क्वांटम शक्ती'चे लॉकेट विकायला आला. सांधेदुखी जाते म्हणे, आणि हे विज्ञानाने सिद्धच झाले आहे म्हणे! किंमत वडिलांच्या दोन दिवसांच्या हमालीइतकी. शेजारच्या मावशींनी मला विचारले, "तू शिकतीस ना, मग सांग, खरं हाय का हे?" त्यांना उत्तर द्यायचे तर नेमके काय सिद्ध झाले आहे हे आधी समजून घ्यायला हवे.

प्रथम मिती म्हणजे काय ते पाहू. लांबी, रुंदी आणि उंची या आपल्या ओळखीच्या तीन मिती. डाव्या चपलेच्या आकाराचा कागद कापून टेबलावर ठेवा. तो कितीही सरकवला, फिरवला तरी उजव्या चपलेचा आकार होणार नाही. पण तोच उचलून पालथा घातला की झाला उजवा! टेबलाच्या दोन मितींत जे अशक्य, ते तिसऱ्या मितीमुळे सहज घडले. मग आपल्याला चौथी मिती लाभली तर खरी डावी चप्पलही उजवी होऊ शकेल. जयंत नारळीकरांनी 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत हीच कल्पना रंगविली आहे. अर्थात ती विज्ञानकथा आहे.

आता खऱ्या प्रयोगाकडे वळू. एक चप्पल परभणीला आणि तिची जोडीदार नांदेडला बंद खोक्यातून पाठविली. परभणीत खोके उघडून डावी निघाली, तर नांदेडला उजवी आहे हे तत्क्षणी कळते. यात नवल नाही, कारण सारे आधीच ठरलेले होते. एकाच उगमातून निघालेल्या प्रकाशकणांच्या जोड्याही अशाच एकमेकांशी जुळतात. मग तेही चपलांसारखेच आधी ठरलेले असतील काय?

जॉन बेल यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले की हा प्रश्न प्रयोगाने सोडविता येतो. १९६९ मध्ये क्लाउझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला मोजता येईल असे रूप दिले. दोन्ही ठिकाणी तपासणीच्या दोन-दोन दिशा ठेवायच्या आणि जुळणीवरून एक आकडा काढायचा. सारे आधीच ठरलेले असेल आणि एका ठिकाणच्या तपासणीचा दुसऱ्या ठिकाणी परिणाम होत नसेल, तर हा आकडा २ च्या वर जाऊ शकत नाही. क्वांटम सिद्धान्त मात्र म्हणतो की तो सुमारे २.८३ पर्यंत जाईल. फ्रान्समध्ये आलाँ आस्पे यांनी १९८२ मध्ये मोजला, तो सुमारे २.७ भरला! चपलांचा दृष्टांत येथे कोसळला. या कार्याबद्दल आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. येथवर जे सांगितले ते सिद्ध झालेले आहे. येथून पुढे अर्थ सुरू होतो.

डेव्हिड बोम यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथात मासोळीच्या काचटाकीचा दृष्टांत दिला. एकाच टाकीची दोन बाजूंनी चित्रे घेऊन दोन पडद्यांवर दाखविली, तर पाहणाऱ्याला वाटेल की दोन मासे एकमेकांना खुणावत आहेत. वस्तुतः मासा एकच! तसेच दूरचे दोन कण ही अधिक मितींच्या एकाच वास्तवाची दोन रूपे असावीत, असे बोम यांचे म्हणणे. लाईट गेल्यावर हे घरीही पाहता येते. एक दिवा पूर्वेला आणि एक दक्षिणेला ठेवून मध्ये थाळी उभी धरा. एका भिंतीवर गोल सावली पडते, दुसरीवर नुसती रेघ. थाळी पाव फेरा फिरवली की गोलाची रेघ आणि रेघेचा गोल. सावल्यांनी एकमेकींना निरोप धाडलेला नाही. फिरली ती थाळी.

कल्पना मोहक आहे, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली अशी की, थाळी कशी धरली आहे हे आधीच ठरलेले असल्याने तिच्या सावल्या २ ची मर्यादा ओलांडणार नाहीत. म्हणजे दृष्टांत वाट दाखवितो, सिद्धता देत नाही. दुसरी गोष्ट मितींच्या मोजणीची. क्वांटम गणितात दोन कणांच्या लहरीला सहा मिती लागतात, तीन कणांना नऊ. पण आमच्या अरुंद गल्लीत दोन मुले धावत असतील, तर दोघांच्या जागा एका ठिपक्याने दाखवायला आलेखाचे दोन अक्ष लागतात. म्हणून गल्ली काही रुंद होत नाही! त्या सहा मिती खरोखरीच्या आहेत की केवळ हिशेबाच्या, हाच आजचा वाद आहे.

असा वाद घालणे हा रिकामा उद्योग नव्हे. बोम यांच्या १९५२ च्या सिद्धान्तात कणाच्या जागेला खास मान होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. एम. रॉय आणि वीरेंद्र सिंह यांनी १९९५ मध्ये जागा आणि संवेग या दोहोंना समान मान देणारी मांडणी केली. अशी माणसे आपली कल्पना गणिताच्या कसाला लावतात.

कस सोडला की काय होते, तेही इतिहासात आहे. स्लेड नावाच्या माध्यमावर १८७६ मध्ये लंडनला फसवणुकीचा खटला झाला होता. पुढच्याच वर्षी जर्मनीत लाइपझिगचे प्राध्यापक झोलनर यांच्यासमोर त्याने टोके बांधून सीलबंद केलेल्या दोरीला गाठी पाडून दाखविल्या. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने त्यात चौथी मिती पाहिली, हातचलाखी पाहिली नाही.

मावशींना मी एवढेच सांगितले की, दूरच्या कणांची जुळणी खरी आहे. पण तिच्यातून साधा निरोपसुद्धा धाडता येत नाही, मग गुडघ्याला शक्ती कोठून धाडणार? अधिक मितींची गोष्ट तर अजून अर्थाच्याच पातळीवर आहे. त्यांनी लॉकेट घेतले नाही. मूळ कोणते आणि टीका कोणती, हे ओळखण्याची सवय आपल्याला साहित्याच्या वर्गातच लागते. ती वर्गाबाहेरही नेली पाहिजे.