‘मला दिसत नाही’ असे मूल सांगत नाही

मूल चालायला उशीर लागला की घरात काळजी सुरू होते. दोन वर्षांचे होऊनही बोलले नाही, तर आजीच म्हणते, एकदा डॉक्टरला दाखवा. पण पोराला नीट दिसते की नाही, हा प्रश्न आपल्या घरांत सहसा निघतच नाही. तो निघतो तिसरी-चौथीत, ‘फळ्यावरचे उतरवून घेत नाही’ असा बाईंचा निरोप आल्यावर. तोवर मूल आठ-नऊ वर्षांचे झालेले असते, आणि डोळ्यांच्या काही दोषांच्या बाबतीत एवढा उशीर फार महागात पडतो.

मूल सांगत नाही, कारण त्याला ते ठाऊकच नसते. जन्मापासून अंधुक दिसत असेल, तर जग असेच अंधुक असते अशी त्याची समजूत होते. त्यातही एक डोळा चांगला आणि एक अधू असेल, तर कोणालाच संशय येत नाही. चांगला डोळा दोघांचे काम करतो. मूल धावते, जमिनीवर पडलेला कुरमुरा नेमका वेचते, दुकानातून बिस्किटाचा पुडा आणते. आईबाप म्हणतात, नजर तर घारीसारखी आहे! घारीसारखी असते ती एकाच डोळ्याची.

हा जो मागे पडलेला डोळा, त्याला डॉक्टर अँब्लिओपिया म्हणतात. बोलीभाषेत आळशी डोळा. वास्तविक आळस डोळ्याचा नसतो. डोळा चित्र आत पाठवतो, पण पाहायचे काम मेंदू करतो आणि मेंदूला ते पहिल्या काही वर्षांत शिकावे लागते. ह्यूबेल आणि वीझल या दोन शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिलांवर याचा अभ्यास केला. पिलू लहान असताना त्यांनी त्याचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला. नंतर उघडला, तेव्हा डोळा शाबूत होता, पण त्याने दिसत मात्र नव्हते. मेंदूने त्या डोळ्याचे ऐकणेच सोडून दिले होते. मोठ्या मांजराचा डोळा तसाच बंद ठेवला तर काही बिघडले नाही. पिलांचे हाल वाचून वाईट वाटते, परंतु लहान मुलांच्या डोळ्यांवर वेळेत उपचार का करायचे, याचे कारण त्यातूनच जगाला कळले. दृष्टीच्या या संशोधनाबद्दल दोघांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाच्या मुलात ही शिकण्याची मुदत साधारण सात वर्षांपर्यंत चांगली असते. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असेल, एक डोळा तिरळा असेल, जन्मतःच मोतीबिंदू असेल किंवा पापणी बाहुलीवर ओघळलेली असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. सात वर्षांच्या आत उपचार झाले तर बहुतेक मुलांची नजर बरीच सुधारते. पुढे फायदा होतच नाही असे नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलालाही जरूर न्यावे. पण जितका उशीर, तितका फायदा कमी.

आमच्या ओळखीतील एका तरुणाची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. वडील बिगारी, आई धुणीभांडी करणारी. पोराने पहाटे उठून मैदानावर धावण्याचा सराव केला, भरतीची लेखी परीक्षा काढली, शारीरिक चाचणीही काढली. वैद्यकीय तपासणीत उजवा डोळा झाकला तेव्हा डाव्याने तक्त्याच्या वरच्या दोनच ओळी वाचता आल्या. चष्मा लावून दिसले असते तर त्या पदाला चालणार होते. पण चष्म्यानेही फरक पडला नाही. एका डोळ्याने आपल्याला कमी दिसते, हे बावीस वर्षांच्या त्या पोराला त्या दिवशी प्रथमच कळले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, हा लहानपणापासूनचा दोष आहे, चार-पाच वर्षांचा असताना आणला असता तर बरेच करता आले असते. आई म्हणाली, अहो, त्याने कधी सांगितलेच नाही!

तिरळेपणाबद्दल तर आपल्याकडे गैरसमजांचे पीक आहे. थोडा चकणेपणा भाग्याचा, मुलीच्या डोळ्यात लक्ष्मी असते, मोठा झाला की आपोआप सरळ होतो, असे शहाणीसुरती माणसेही बोलतात. तान्ह्या बाळाचे डोळे पहिले तीन-चार महिने अधूनमधून इकडेतिकडे जातात, ते चालते. त्यानंतरही डोळा वळत असेल, मग तो दिवसातून थोडाच वेळ का वळेना, डॉक्टरला दाखवायलाच हवे. काही बाळांचे नाक बसके असते म्हणून डोळे नुसते तिरळे भासतात, पण तो निवाडा डॉक्टरांनी करावा, शेजारणीने नव्हे. आणि तिरळेपणा म्हणजे शस्त्रक्रियाच, अशीही भीती नको. काही मुलांचे डोळे केवळ योग्य नंबरचा चष्मा लावल्याने सरळ होतात.

घरच्या घरी काय पाहता येईल? मूल टीव्ही पाहत असताना किंवा जेवत असताना सहज त्याचा एक डोळा तळहाताने झाकावा, मग दुसरा. एक डोळा झाकलेला चालतो आणि दुसरा झाकला की मूल हात झटकते, रडते, असे होत असेल तर उघडा राहिलेला डोळा अधू असण्याचा संशय धरावा. मान तिरकी करून पाहणे, वस्तू नाकाशी नेणे, उन्हात एकच डोळा मिटणे, ही लक्षणेही ध्यानात ठेवावीत. बाहुलीत पांढरे दिसले किंवा फोटोत एकच डोळा पांढरा चमकला, तर दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात जावे. तो मोतीबिंदू असू शकतो. क्वचित डोळ्याच्या पडद्याचा कर्करोगही असतो, आणि तेथे प्रश्न नजरेचाच नव्हे, जिवाचा असतो. बाळ दिवस भरण्याआधी जन्मले असेल किंवा वजन दोन किलोपेक्षा कमी असेल, तर त्याच्या डोळ्याचा पडदा जन्मानंतर महिन्याच्या आत तपासून घ्यायचा असतो. दवाखान्यातून सुट्टी घेतानाच हे विचारून घ्यावे.

मात्र घरच्या परीक्षेत काही आढळले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान प्रत्येक मुलाचे डोळे एकदा तरी तपासलेच पाहिजेत. ‘त्याला अक्षरे कुठे येतात?’ असे पालक विचारतात. अक्षरांची गरजच नसते. चित्रांचे तक्ते असतात, आणि इंग्रजी ‘ई’चा तक्ता असतो, ‘ई’चे तोंड ज्या बाजूला असेल तिकडे मुलाने तीन बोटे करून दाखवायची. पुठ्ठ्यावर मोठा ‘ई’ काढून आदल्या आठवड्यात घरी हा खेळ खेळावा, म्हणजे दवाखान्यात मूल बावरत नाही.

तपासणीसाठी फार लांब जावे लागते असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरातून सुरू झाला. त्याचे आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावे अशी योजना आहे. दोष आढळला तर पुढच्या रुग्णालयात पाठवून मोफत उपचार द्यायची तरतूद आहे. पथक कधी येणार, हे अंगणवाडीताईंना विचारून ठेवावे. नेमके त्याच दिवशी मूल मामाच्या गावी असले, की सहा महिने गेलेच.

रुग्णालयात गेल्यावर मुलाच्या डोळ्यांत बहुधा बाहुली मोठी करणारे थेंब किंवा मलम घालायला सांगतात. मुलाचे डोळे जवळचे पाहायला इतके ताकदवान असतात की त्याशिवाय खरा नंबर कळत नाही. अ‍ॅट्रोपिन घातले असेल तर बाहुली आठ-दहा दिवसही मोठी राहते, जवळचे अंधुक दिसते, ऊन टोचते. हे न समजल्याने ‘डॉक्टरने पोराचे डोळे बिघडवले’ असे म्हणत दोन कुटुंबांनी आमच्या समोर उपचार सोडले आहेत. अंधुकपणा आपोआप जातो. औषध घातल्यावर ताप आला, चेहरा लाल झाला, तर मात्र औषध थांबवून डॉक्टरांना विचारावे.

आम्ही कारकून माणूस, म्हणून हिशेबही मांडतो. पहिल्या तपासणीला एक दिवस, थेंब घालून पुन्हा एक दिवस, चष्म्याला एक दिवस. रोजंदारीवरच्या आईला हे तीन खाडे परवडत नाहीत, आणि तिला दोष देणाऱ्यांनी तिच्या जागी उभे राहून पाहावे. आमच्या बालवाडीतील मातांनी यावर तोड काढली. पाच-सहा मुलांचा एकच दिवस धरायचा, प्रत्येक वेळी दोघींनी सोबत जायचे, बाकीच्यांनी कामावर जायचे. मुलाचे आधीचे दुखणे, औषधे सोबतच्या बाईला कागदावर लिहून द्यायची. डॉक्टरांनी आईलाच बोलावले तर तेवढ्यापुरती तीच रजा घेते.

चष्मा लागला की दुसरे रडगाणे सुरू होते. मुलीला चष्मा, उद्या लग्न कसे जमायचे? चार वर्षांच्या पोरीच्या लग्नाची एवढी घाई! आपल्या प्रत्येक घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, तिच्यातला चष्मा आपल्याला कधी खटकला नाही.

आळशी डोळ्यासाठी पट्टी देतात, आणि येथे एक घोटाळा आम्ही वारंवार पाहतो. आजी माया करून पट्टी अधू डोळ्यावर लावते, त्याला विश्रांती मिळावी म्हणून. पट्टी चांगल्या डोळ्यावर लावायची असते, म्हणजे मागे पडलेला डोळा नाइलाजाने कामाला लागतो. चष्मा असेल तर तोही पट्टीवरून लावायचाच. मूल त्रागा करते, कारण त्याला खरोखरच कमी दिसत असते. पूर्वी दिवसभर पट्टी ठेवत. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यम दोष असलेल्या मुलांना रोज दोन तासांची पट्टीही सहा तासांइतकीच उपयोगी पडल्याचे दिसले. आपल्या मुलाला किती तास, ते डॉक्टर सांगतील. त्या वेळात त्याला तांदूळ-डाळ निवडायला द्यावे, चित्र रंगवायला द्यावे, मणी ओवायला द्यावेत. मोबाइल हातात देऊन वेळ काढू नये.

पट्टी काही आठवड्यांत संपत नाही, महिने लागतात. मधे नंबर बदलतो, चष्म्याची दांडी तुटते, मूल वाढले की फ्रेम लहान होते. तपासणीची तारीख चुकवू नये, कारण पट्टी जास्त झाली तर क्वचित चांगल्या डोळ्याची नजरही उतरते आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही. केसपेपर रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी रांगेत उभे राहिल्यावर तो सापडतो.