कणांची पकड

मीठ, कापूर आणि बर्फ हे तिन्ही पदार्थ घनरूप आहेत. परंतु त्यांचे स्वभाव किती भिन्न! कापराची वडी उघडी ठेवली, तर ती काही दिवसांत आपोआप नाहीशी होते. बर्फ हातात घेताच वितळू लागतो. मीठ मात्र तापलेल्या तव्यावरही वितळत नाही. त्यासाठी सुमारे ८०१ अंश सेल्सिअस तपमान लागते. हा भेद कशामुळे पडतो? पदार्थाच्या सूक्ष्म कणांनी एकमेकांस किती घट्ट धरून ठेवले आहे, ह्यावर तो अवलंबून असतो.

कापराच्या प्रत्येक रेणूतील अणू परस्परांशी घट्ट जोडलेले असतात. परंतु एक रेणू व त्याच्या शेजारचा रेणू ह्यांमधील आकर्षण फार दुर्बळ असते. म्हणून पृष्ठभागावरील रेणू सुटून हवेत मिसळतात. कापराचा वास दूरवर येतो, तो ह्यामुळेच. रेणूंमधील अशा आकर्षणाचा विचार डच शास्त्रज्ञ व्हान डर वाल्स ह्यांनी १८७३ साली आपल्या प्रबंधात मांडला होता.

मिठात असे सुटे रेणू नसतात. सोडियमचे धनभारित आणि क्लोरीनचे ऋणभारित कण त्यात आळीपाळीने रचलेले असतात. विजातीय भारांचे आकर्षण बलवान असल्यामुळे मीठ सहजासहजी वितळत नाही. तरीही मिठाचा खडा घाव बसताच फुटतो. घावामुळे कणांचे थर किंचित सरकतात, सजातीय भार समोरासमोर येतात आणि ते एकमेकांस दूर लोटतात. म्हणूनच मीठ ठिसूळ असते.

बर्फातील पकड ह्या दोहोंहून निराळी आहे. पाण्याच्या एका रेणूतील हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे ओढला जातो. ह्यास हायड्रोजन बंध म्हणतात. बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी अशा रीतीने बांधला जातो आणि त्यांच्यामध्ये पोकळ जागा राहते. त्यामुळे पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते आणि बर्फ पाण्यावर तरंगतो.

कडाक्याच्या थंडीत काश्मीरमधील दल सरोवराचा पृष्ठभाग गोठतो, तेव्हा हा गुण जीवदान देणारा ठरतो. वरचा बर्फ पांघरुणासारखा पसरतो व खालच्या पाण्यातील उष्णता लवकर बाहेर जाऊ देत नाही. बर्फ बुडणारा असता, तर तो तळाशी साचत गेला असता आणि जलचरांस आश्रय उरला नसता. डोळ्यांना न दिसणाऱ्या रेणूंच्या रचनेमुळेच बर्फाखालच्या पाण्यात मासे हिवाळाभर जिवंत राहतात.