घरची डिस्क सांभाळा, मगच लिनक्स बसवा

दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या बऱ्याच घरांत पोराच्या शिक्षणासाठी घेतलेला संगणक कापड पांघरून बसलेला असतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला अन् नवे विंडोज ११ जुन्या यंत्रावर सहसा चढत नाही. म्हणून भंगारात देता काय भाऊ? थांबा.

लिनक्स फुकट मिळते आणि पेनड्राइव्हवरूनही चालते. मिंट किंवा उबुंटूची फाइल उतरवा, ‘रुफस’ने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. त्यातले जुने सारे पुसले जाईल, हे ध्यानात ठेवा. संगणक सुरू होताना एफ १२ (काहींत एफ ९) दाबून यूएसबी निवडा. आधी नुसते चालवून पाहा. मात्र बंद केले की त्यात केलेले काम जाते.

काम टिकवायचे तर दुसरा, ३२ जीबीचा पेनड्राइव्ह लावून त्यावर लिनक्स कायमचे बसवा. घात होतो तो इथेच! ‘डिस्क पुसा’ म्हणताना चुकून घरचीच डिस्क निवडली, तर लग्नाचे फोटो अन् पीककर्जाचे कागद गेलेच समजा. डिस्क बरोबर निवडली तरी ‘बूटलोडर’ कधीकधी घरच्या डिस्कवर जाऊन बसतो. मग पेनड्राइव्ह काढला की संगणक उठतच नाही. म्हणून आधी प्लग उपसा, डबा उघडा अन् आतल्या डिस्कची वायर काढून ठेवा. पाच मिनिटांचे काम आहे.

पेनड्राइव्हवर गती जरा बैलगाडीचीच. पण तोच खिशात घालून पोरगी अकोल्याला गेली, तर तिथल्या संगणकावरही बहुधा तिचेच काम उघडेल. शिकायला आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे मराठी धडे आहेत, तेही फुकट.