प्रौढांच्या दातांच्या तारा : धातूच्या की सिरॅमिकच्या?

वेडेवाकडे दात सरळ करावयाचे तर ते लहानपणीच करावयास हवेत, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती अर्धीच खरी आहे. मुलांचे जबडे वाढत असतात व त्या वाढीचा उपचारात उपयोग करून घेता येतो. परंतु दात हाडातून सरकण्याची जी क्रिया आहे, ती जबड्याची वाढ थांबल्यावरही थांबत नाही. हिरड्या व हाड निरोगी असतील, तर तिशी, चाळिशी, किंबहुना त्यापुढील वयातही दात जागेवर आणता येतात. अशा वयात तारा बसवून घेण्यास आलेल्या स्त्रीपुरुषांच्या मनात एक प्रश्न हमखास असतो : तारा धातूच्या घ्याव्यात की सिरॅमिकच्या?

पुण्यानागपुरात विचारला जाणारा हा प्रश्न नोकरीनिमित्त दूरच्या शहरी स्थायिक झालेल्या कुटुंबांतही तसाच विचारला जातो. उदाहरणादाखल आपण लखनौचे इंदिरा नगर घेऊ. गोमतीपलीकडे उत्तर प्रदेश आवास एवं विकास परिषदेने वसविलेली ही मोठी निवासी वसाहत आहे. कचेऱ्या, बँका, शाळा यांत काम करणारा मध्यमवर्ग येथे राहतो; २०१९ सालापासून मेट्रोही येथवर येते. येथील रहिवाशापुढे सामान्यतः दोन मार्ग असतात. एक, घराजवळच्या खाजगी दंतवैद्याचा. दुसरा, जुन्या शहरातील किंग जॉर्ज चिकित्सा विश्वविद्यालयासारख्या शिक्षणसंस्थेचा. १९११ साली वैद्यकीय महाविद्यालय म्हणून सुरू झालेल्या व २००२ साली विद्यापीठ बनलेल्या या संस्थेच्या दंतविज्ञान शाखेत दात सरळ करण्याच्या शास्त्राचा, म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्सचा, स्वतंत्र विभाग आहे. मार्ग कोणताही असो. खर्च, दिसणे आणि टिकणे या तिहींचा मेळ रुग्णालाच घालावा लागतो. तो डोळसपणे घालता यावा, यासाठी प्रथम दात सरकतो कसा हे समजून घेतले पाहिजे.

दात सरकतो कसा?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा एक पडदा असतो. दातावर एका बाजूने हलका पण सतत दाब पडला, म्हणजे ज्या बाजूस दात ढकलला जातो त्या बाजूचा पडदा दाबला जातो व विरुद्ध बाजूचा ताणला जातो. दाबाच्या बाजूस हाड विरघळविणाऱ्या पेशी कामास लागतात. ताणाच्या बाजूस नवे हाड घडविणाऱ्या पेशी जमतात. पुढे हाड खोदले जाते, मागे ते भरले जाते, आणि दात आपल्या खोबणीसह पुढे सरकतो.

ओल्या मातीत रोवलेला खुंटा जोराने ढकलला तर लवकर कलतो. दाताचे तसे नाही. दाब फार झाल्यास पडद्यातील रक्तपुरवठा खुंटतो, काम मंदावते आणि मुळाला इजा होण्याचा संभव वाढतो. महिन्याला सुमारे एक मिलिमीटर, हा दाताच्या प्रवासाचा साधारण वेग होय. म्हणूनच या उपचाराला बहुधा दीड-दोन वर्षे लागतात. हा वेग मुख्यतः शरीर ठरविते, चौकटीचे द्रव्य नव्हे. निवडीचा विचार करताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी.

तार आणि चौकट

तारा बसविल्या, असे आपण म्हणतो तेव्हा वस्तुतः तीन वस्तू बसविलेल्या असतात. प्रत्येक दातावर चिकटविलेली एक लहान चौकट असते. तिला ब्रॅकेट म्हणतात. सर्व चौकटींच्या खाचांतून जाणारी एक तार असते. आणि ती तार खाचेत धरून ठेवणारी बारीक रबरी कडी किंवा बारीक तारेचा फास असतो. दातावर दाब देते ती तार. चौकट हा केवळ दात पकडण्याचा हात आहे. धातू की सिरॅमिक हा प्रश्न या चौकटीपुरताच आहे. चौकट सिरॅमिकची घेतली तरी तार बहुधा धातूचीच राहते व जवळून पाहणाऱ्यास ती दिसते.

या साधनाचा इतिहास थोडक्यात असा. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ सालच्या आपल्या ग्रंथात, कमानीच्या आकाराच्या धातूच्या पट्टीला दोऱ्याने दात बांधून ते ओढून घेण्याची रीत वर्णिली. आयताकृती खाचेची चौकट एडवर्ड अँगल या अमेरिकन तज्ज्ञाने १९२८ साली मांडली. आजच्या बहुतेक चौकटी तिच्याच वंशातील आहेत. त्या काळी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे चढवून त्यावर चौकट जोडीत. १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखविले की, दाताच्या वरच्या कठीण आवरणावर, म्हणजे दंतवल्कावर, सौम्य उपचारासाठी फॉस्फोरिक आम्ल लावले असता ते सूक्ष्मपणे खडबडीत होते व त्यावर राळेसारखे द्रव्य घट्ट धरते. या शोधामुळे कडे जाऊन चौकट सरळ दातावर चिकटविता येऊ लागली, आणि चिकटवावयाचीच आहे तर ती दाताच्या रंगाची का नसावी, हा विचार शक्य झाला. १९८०च्या दशकात सिरॅमिकच्या चौकटी प्रचारात आल्या. त्यांतील एका प्रकारासाठी वापरलेले अर्धपारदर्शक द्रव्य मुळात उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या टोकावरील आवरणासाठी तयार केलेले होते.

दोन द्रव्यांचे गुणदोष

धातूची चौकट सामान्यतः अगंज पोलादाची, म्हणजे आपल्या परिचयाच्या स्टेनलेस स्टीलची असते. सिरॅमिकची चौकट अॅल्युमिनियम ऑक्साइडची असते. माणिक आणि नीलम ही रत्नेही याच द्रव्याचे स्फटिक होत. यावरून सिरॅमिक फार बळकट असले पाहिजे, असे वाटेल. परंतु कठीणपणा आणि चिवटपणा हे दोन निराळे गुण आहेत. स्टीलची वाटी हातातून पडली तर तिला पोचा येतो. चिनी मातीची बशी पडली तर तिचे तुकडे होतात. पोलाद तुटण्यापूर्वी सुमारे २० टक्के ताणले जाऊ शकते. अॅल्युमिनियम ऑक्साइड एक टक्काही ताणले जात नाही. तडा पसरू न देण्याची पोलादाची शक्ती किमान पंधरा पट अधिक असते. म्हणून सिरॅमिकची चौकट थोडी जाड करावी लागते, आणि तरीही तिचे टोक उडण्याचा संभव राहतो. चिक्की, ऊस, भाजलेले चणे आणि कडक लाडू हे पदार्थ दोन्ही प्रकारांत टाळावेत; सिरॅमिकच्या बाबतीत हे पथ्य अधिक कडक समजावे.

कठीणपणाची दुसरी बाजू याहून महत्त्वाची आहे. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोस श्रेणीत दंतवल्काचा क्रमांक सुमारे ५ आहे, तर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा ९. ज्यांचे वरचे दात खालच्या दातांना खोलवर झाकतात, त्यांच्या खालच्या दातांवर सिरॅमिकची चौकट बसविली, तर प्रत्येक घासागणिक वरचे दात तिच्यावर घासले जातात आणि झिजतात. झिजलेले दंतवल्क पुन्हा उगवत नाही. म्हणून अशा रुग्णाच्या खालच्या दातांवर सिरॅमिक बसवू नये, हा नियम पाळला जातो.

तिसरा मुद्दा घर्षणाचा. दात तारेवरून सरकावा लागतो. सिरॅमिकची खाच पोलादाच्या खाचेपेक्षा खरखरीत असल्यामुळे तार तिच्यात अधिक अडते. जेथे दात काढून मोठी फट बंद करावयाची असते, तेथे हा अडथळा जाणवतो. काही चौकटींच्या खाचेत धातूचे अस्तर घालून तो कमी केलेला असतो.

चौथा मुद्दा चौकट काढण्याचा. उपचार संपल्यावर धातूची चौकट चिमट्याने दाबली की वाकते व राळेपासून सुटते. सिरॅमिक वाकत नाही. तो जोर चौकटीवर तरी येतो किंवा दातावर तरी. सुरुवातीच्या काळात रासायनिक बंधाने फार घट्ट चिकटविलेल्या चौकटी काढताना दंतवल्काला इजा झाल्याची उदाहरणे घडली. त्यामुळे पुढे चौकटीच्या तळाची रचना बदलण्यात आली व आज हा धोका पुष्कळ कमी झाला आहे. तरी तडे गेलेल्या, मोठ्या भरणीच्या किंवा दुबळ्या दातांवर सिरॅमिक वापरताना अधिक विचार करावा लागतो. लखनौच्या शेजारील उन्नाव जिल्ह्यात, तसेच महाराष्ट्रात यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांत, भूजलातील अधिक फ्लोराइडमुळे दातांवर डाग व खड्डे पडलेले लोक आढळतात. अशा दंतवल्कावर चौकट चिकटविणे आणि काढणे दोन्ही जिकिरीचे असते. ज्यांचे बालपण अशा भागात गेले असेल, त्यांनी ते दंतवैद्यास आधीच सांगावे.

सिरॅमिकच्या बाजूने मुख्य गोष्ट एकच, पण ती लहान नाही : ते दिसत नाही, निदान दोन हातांवरून चटकन दिसत नाही. चारचौघांत बोलण्याचा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांना हे मोलाचे वाटते. लोक हसतील या भीतीने उपचारच टाळण्यापेक्षा सिरॅमिकसाठी अधिक पैसे मोजणे केव्हाही चांगले. मात्र चौकट स्वतः फारशी डागळत नसली, तरी तिच्यावरील पारदर्शक रबरी कडी चहा, हळद आणि पान यांनी पिवळी पडते, व पुढील भेटीत बदलेपर्यंत तशीच राहते.

निकेलविषयी एक गैरसमज आहे. नकली दागिन्यांनी ज्यांच्या कानाला खाज व पुरळ येते, त्यांना निकेल सोसत नसण्याचा संभव असतो. नेहमीच्या अगंज पोलादात सुमारे ८ टक्के निकेल असते, म्हणून सिरॅमिक सुरक्षित, असे सांगण्यात येते. परंतु उपचाराच्या आरंभी वापरली जाणारी लवचिक तार निकेल व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची असते व तिच्या वजनात निम्म्याहून अधिक निकेल असते. केवळ चौकट बदलून हा प्रश्न सुटत नाही. तारेचाही विचार करावा लागतो.

प्रौढांसाठी आधीची अट

प्रौढांच्या बाबतीत चौकटीच्या निवडीपूर्वी एक तपासणी अपरिहार्य आहे : हिरड्यांची आणि हाडाची. हिरड्यांतून रक्त येत असेल, दात हलत असतील, तर प्रथम तो विकार आटोक्यात आणला पाहिजे. सूज असताना दात सरकविले तर उरलेले हाडही नाहीसे होऊ शकते, आणि सरळ झालेला दात टिकणार नाही. मधुमेह नियंत्रणात नसणे, तंबाखू व गुटखा, हाडांच्या ठिसूळपणावरील काही औषधे, यांचा परिणाम याच हाडावर होतो. ही माहिती लपविणाऱ्याने दोन वर्षांचा उपचार पणास लावला असे समजावे. शिवाय प्रौढाचा जबडाच मूळचा पुढे किंवा मागे असेल, तर केवळ तारांनी तो बदलत नाही. तेथे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

निवड कशी करावी?

समजा, इंदिरा नगरातील एका शिक्षिकेचे वरचे चार दात थोडे वाकडे आहेत, हिरड्या निरोगी आहेत आणि खालचे दात वरच्यांना घासत नाहीत. तिने सिरॅमिक घेण्यास हरकत नाही. तिच्याच गल्लीतील एका पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थांचे वरचे दात खालच्यांना पूर्ण झाकतात, काही दातांत मोठ्या भरणी आहेत आणि एक मोठी फट बंद करावयाची आहे. त्यांच्यासाठी धातूच हितकर. ज्यांना दोन्हींचा लाभ हवा असेल, त्यांच्यासाठी मधला मार्गही आहे : दिसणाऱ्या वरच्या पुढील सहा दातांवर सिरॅमिक आणि बाकी सर्वत्र धातू. यात खर्चही वाचतो. शिक्षणसंस्थांतील उपचार सामान्यतः खाजगी उपचारापेक्षा स्वस्त असतो. मात्र तेथे अधिक काळ थांबण्याची तयारी ठेवावी लागते.

यावरून एवढे स्पष्ट होईल की, धातू की सिरॅमिक हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, माझे हाड आणि हिरड्या यासाठी तयार आहेत का, हा होय. आणि तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारीतच नाहीत : तारा काढल्यावर पुढे काय? दाताभोवतीचे तंतू त्याला जुन्या जागी ओढीत असतात; म्हणून दात धरून ठेवणारे साधन, ज्याला रिटेनर म्हणतात, ते दीर्घकाळ, प्रौढांनी बहुधा कायम, रात्री वापरावे लागते. ते न वापरल्यास चौकट कोणत्याही द्रव्याची असो, केलेला खर्च वाया जातो. तज्ज्ञाकडे जाताना हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत.